अर्धगोलाचा जोड

दाबाच्या टाक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे फिल्मबाई म्हणत. लोखंडाच्या जोडांचे एक्स-रे काढले की त्या फिल्मा वाचायचं तिचं काम. शेडच्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या पेटीवर फिल्म ठेवायची आणि जोडाच्या पोटात काय दडलंय ते बघायचं. कुठे हवेचा बुडबुडा, कुठे अडकलेली मळी, कुठे न मिळालेली कड. बाहेरून जोड कितीही देखणा असो, त्या खोलीत आला की त्याला खरं बोलावंच लागे.

तिचा नवरा त्याच शेडमध्ये वेल्डर. त्याला सगळे इस्त्री म्हणत, कारण त्याचा जोड पाहिला की वाटे कुणी धातूवर सावकाश इस्त्री फिरवली आहे. घडीवर घडी, एकसारखी.

"मी दिवसभर जोडायचं आणि हिने संध्याकाळी त्यात खोड काढायची," तो डबा उघडताना चारचौघांत म्हणायचा. "याला संसार म्हणतात."

"खोड सापडू दे तरी एकदा!" ती म्हणायची.

सापडायची नाही. क्वचित टाचणीच्या टोकाएवढा एखादा ठिपका दिसे, तोही नियमात बसणारा. तेवढ्यावरूनही स्वारी दोन दिवस घुश्शात असायची. मग तीच चिडवायची, "बसतो हो नियमात, जेवा आता."

तो कामावरच गेला. मोठ्या टाकीच्या माथ्याशी लावलेल्या फळीवर बसून, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा ओढलेला, हातात वेल्डिंगची कांडी धरायचा चिमटा. खालून सगळ्यांना वाटलं, विसावलाय. फोरमनने आपल्या सवयीने हाक दिली, "काय रे इस्त्री, गार झालास का?" आणि दोन-चार जण हसले. वरून उत्तर आलं नाही. त्या हाकेचं फोरमनला पुढे काय वाटलं असेल ते देवालाच ठाऊक. त्या दिवसानंतर त्याने कुणाची थट्टा म्हणून केली नाही.

डॉक्टर म्हणाले, "हृदय एका क्षणात थांबलं. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

त्या एका वाक्यावर ते घर उभं राहिलं. घरात तिची सासू, धाकटा दीर आणि ती. भेटायला येईल त्याला सासू हात धरून सांगायची, "दिवा मालवावा तसा गेला हो माझा लेक. देवाने त्याला एवढंसंही दुखू दिलं नाही." आलेली माणसं मान डोलवायची, आणि त्यांची मान हलली की सासूचा श्वास थोडा खाली बसायचा. फिल्मबाईही रात्री उशीला तेच सांगून झोपायची. काही कळलंसुद्धा नसेल. देवाचे उपकार मानायला एवढीच जागा उरली होती, पण ती जागा होती.

ती कामावर परतली तेव्हा टाकी तयार होती. त्याचा अर्धवट राहिलेला जोड दिराने पुरा केला होता. दीरही तिथेच वेल्डर, भावाच्याच हाताखाली शिकलेला. आता टाकीवर रंग चढायचा, आणि त्याआधी जोडांच्या तक्त्यावर तिची सही हवी होती.

"एकदा बघून घ्या बाई," फोरमन खालमानेने म्हणाला. "बाकी सगळं झालंय. त्या शेवटच्या जोडाचीही नमुन्याची फिल्म काढलीय. स्वच्छ आहे."

ती टाकीजवळ गेली. त्याच्या जोडाकडे आधी जायचं नाही असं मनाला बजावूनच गेली होती, पण पाय आपसूक त्या टोकाला वळले. वाकली. जोडावर बोट फिरवलं. गार लोखंड. आणि बोट फिरवता फिरवता तिची नजर वर गेली आणि तिथेच थांबली.

टाकीचं टोक बंद करणाऱ्या ताटाला शेडमध्ये डिश म्हणतात. ही डिश नेहमीसारखी उथळ नव्हती. चेंडू मधोमध कापावा तसा पुरा अर्धगोल होता.

आता हे जरा सांगायला हवं, म्हणजे तिची नजर तिथे का खिळली ते कळेल. टाकीच्या सगळ्या जोडांना एका मापाने मोजत नाहीत. पोटात दाब भरला की टाकी आधी लांबीच्या शिवणीत उसवायला बघते, म्हणून लांबीचे जोड ए वर्गात. त्यांची इंचन् इंच फिल्म काढायची, सूट नाही. गोल फिरणाऱ्या जोडांवर ओढ कमी, ते बी वर्गात. त्यांची नमुन्याला कुठेतरी एक फिल्म काढली की भागतं. उथळ डिशचा जोड गोल, म्हणून बी. पण डिश जर पुरा अर्धगोल असेल, तर तिचा जोड गोल असूनही नियम त्याला ए वर्गात बसवतो. जुना नकाशा समोर ठेवून नवा काढणारा माणूस इथे हटकून चुकतो. इथेही चुकला होता. तक्त्यावर त्या जोडासमोर ठळक बी लिहिलेला होता.

म्हणजे तो सबंध जोड फिल्मवर घ्यायचा. नवऱ्याचा हात जिथे थांबला तीही जागा.

खोट निघाली तर ती जागा कापून काढावी लागणार. त्याने या जगात शेवटचं जे केलं, ते ठिणग्या होऊन उडून जाणार. आणि तिने नुसती सही केली तर? कुणाला कळणार नव्हतं. टाकी रंगून निघून जाणार होती.

ती तिथेच उकिडवी बसली. फोरमनला वाटलं रडतेय, म्हणून तो लांब जाऊन उभा राहिला. ती रडत नव्हती. ती देवाशी भांडत होती. इतकी वर्षं तुझ्या नावाने दिवसाची पहिली फिल्म उचलली, त्याची ही परतफेड का रे?

मग उठली आणि म्हणाली, "हा जोड ए मध्ये येतो. सगळ्याची फिल्म काढावी लागेल."

दिराला कळलं तसा तो हातातलं काम टाकून फिल्मच्या खोलीत आला.

"वहिनी, हे काय ऐकतोय मी?"

"डिश अर्धगोल आहे, भाऊजी."

"दिसतंय मला. आंधळा नाही मी. पण नमुन्याची फिल्म स्वच्छ आलीय ना? आणि जोड कुणाचा आहे? दादाचा! दादाच्या जोडात कधी काही सापडलंय तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मग आताही सापडणार नाही. घाबरता कशाला?"

त्याने हातमोजा काढला, पुन्हा घातला. "तुम्ही दगड आहात का हो वहिनी?" तो म्हणाला, आणि लगेच त्याचा आवाज चिरकला. "तसं नाही म्हणायचं मला. पण राहू दे ना तेवढं. एवढं एकच राहिलंय त्याचं."

"त्या टाकीशेजारी उद्या कुणीतरी उभं राहणार आहे, भाऊजी. तिथे काम करणारा. त्यालाही घरी कुणी असेलच की."

 तो दाराला पाठ टेकून उभा राहिला आणि मग निघून गेला.

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. सासू पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांत त्याचाही एक सदरा होता, पुन्हा पुन्हा धुवून वाळवलेला. तिने मान वर केली नाही.

"जिवंतपणी त्याच्यात खोट सापडली नाही," सासू म्हणाली, "ती आता शोधायची म्हणतेस."

"आई, सगळ्यांच्याच जोडाचं करतात तसं. वेगळं काही नाही."

"बाईगं, तू सगळ्यांची फिल्मबाई. पण माझ्या लेकाची बायको होतीस ना?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी आधीच घासलेली होती. तीच पुन्हा घासली.

सुट्टीच्या दिवशी शेड रिकामी करून, किरणांच्या टप्प्यात कुणी येऊ नये म्हणून दोऱ्या बांधून त्या जोडाच्या फिल्मा काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धुऊन, वाळून तिच्या टेबलावर आल्या. तिने दार लावलं. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत बसायचं असतं, तशी बसली. आणि हात जोडून म्हणाली, "देवा, तुझ्याजवळ या खोलीत मी कधी काही मागितलं नाही. जे आहे ते दिसू दे, एवढंच म्हणत आले. आज मागते. यात काही नसू दे."

पेटीतला दिवा लावला.

पहिल्या फिल्मा बघताना तिला हसूच आलं. काय तो हात! जोडाची पांढुरकी पट्टी सुरू झाली की संपेपर्यंत कुठे डाग नाही, कुठे फट नाही. एक कांडी संपून दुसरी कुठे लागली ते शोधावं लागे. ती हळूहळू सरकत गेली. त्याच्या शेजारी बसून त्याचा हात चालताना बघावा, तसं वाटलं तिला. त्या तेवढ्या वेळात तो होता. मग ती फिल्म आली.

आधी एक बारीक काळी रेघ. सरळ, जोडाच्या एका कडेला धरून. वितळलेला धातू कडेशी एकजीव झाला नव्हता. नवशिक्याच्या हातून होतं तसं. तिने भिंग घेतलं. रेघ थांबली. तिथे एक ठिपका. कांडी मध्येच उचलली की पडतो तो खळगा. पुन्हा सुरुवात. पुन्हा रेघ, या वेळी पलीकडच्या कडेला. पुन्हा खळगा.

इस्त्री कधी कांडी मध्येच उचलत नसे. टोकापर्यंत संपवूनच टाकायचा. शेडमध्ये त्यावरून विनोद होते, की हा माणूस थोटकंसुद्धा वाया घालवत नाही, लग्नाची बोलणी करतानाही हातात थोटूक असेल. आणि इथे तो परत परत थांबत होता. थांबून सुरू करत होता. हात एका कडेवरून दुसरीकडे जात होता, मधोमध यायला धडपडत होता. एके ठिकाणी मध्य सापडलाही होता. बोटभर जोड अगदी त्याचा, इस्त्रीचा. त्यानंतर पुन्हा तो निसटला, आणि मग शेवटचा खळगा होता. सगळ्यांत मोठा.

फिल्मबाईने भिंग खाली ठेवलं.

तिला फिल्म वाचता येत होती, हेच तिचं नशीब फुटकं. दुसऱ्या कुणाला हा खराब जोड दिसला असता. तिला वेळ दिसला. एका कांडीला किती वेळ लागतो, एवढी लांबी भरायला किती, मध्ये दम खायला किती, हे तिला बोटावर माहीत होतं. मुखवट्याच्या आत त्याला कळत होतं. पहिली रेघ पडली तेव्हाच कळलं होतं. आणि तो खाली उतरला नाही. हाक मारली नाही. भिंतीपलीकडे, याच खुर्चीत ती बसलेली होती. तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या फिल्मवरची मळी मोजत होती.

एका क्षणात थांबलं म्हणे.

 मग तिने डोळे पुसले, कारण ओल्या डोळ्यांनी फिल्म वाचू नये, आणि निकालाच्या रकान्यात लिहिलं: कडेशी एकजीव नाही. अमान्य. दुरुस्ती. अक्षर नेहमीसारखंच आलं. याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"दुसरा कुणी कापेल," फोरमन दिराला म्हणाला. "तू घरी जा."

"कुणी हात लावायचा नाही," दीर म्हणाला. "मीच."

जोडाच्या त्या भागावर खडूच्या खुणा केल्या होत्या. दीड वीत. दिराने मुखवटा ओढला आणि जोड खणायची कोळशाची कांडी टेकवली. हवेच्या झोतासरशी वितळलेला धातू फवाऱ्यासारखा उडाला आणि फरशीवर पसरत काळा पडत गेला. फिल्मबाई जवळ उभी होती. तिचं तिथे काही काम नव्हतं, खणून झाल्यावर बोलावलं असतं तरी चाललं असतं. पण ती उभी राहिली. घरचं माणूस जाताना कुणीतरी शेजारी असावं.

वरचा थर गेला, आणि दीर थांबला. मुखवटा वर केला. खळग्यात वाकून बघितलं. केसासारखी रेघ आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "माझी चूक आहे."

"तुमची कशी?"

"नवा थर चढवायच्या आधी खालचा घासून साफ करतात. दादानेच शिकवलं होतं, कान धरून. घासला असता तर ही रेघ तेव्हाच दिसली असती." त्याने बाहीने नाक पुसलं. "ग्राइंडर हातात घेतला होता मी. सुरूही केला. पण त्याचा थर होता हो तो. त्याच्या हातचा शेवटचा. त्यावर चाक फिरवायला हात धजला नाही. बंद केला, आणि तसाच वरून भरून टाकला. झाकून टाकला. वाटलं, आत राहील."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या घरात आल्यापासून ती त्याला भाऊजी म्हणत आली, पण त्या क्षणी तो तिला अगदी लहान दिसला.

"मीसुद्धा सही करून तसाच ठेवणार होते," ती म्हणाली. "तिथे टाकीपाशी बसले होते ना, तेव्हा. जवळजवळ केलीच होती."

तो त्या रेघेकडे बघत राहिला. हाडाचा वेल्डर. तिने काही सांगायची गरज नव्हती. रेघ, खळगा, रेघ, खळगा. त्याचे ओठ हलले.

"थांबत थांबत गेलाय," तो म्हणाला.

"हं."

"म्हणजे दुखत होतं त्याला. म्हणजे डॉक्टर..."

"भाऊजी, घरी नाही न्यायचं हे."

त्याने मान हलवली आणि मुखवटा खाली ओढला. बराच वेळ त्याने कांडी टेकवलीच नाही. मुखवट्याच्या आत तो काय करत होता ते दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं हेच बरं. मग ठिणग्या उडाल्या. त्याने खोलवर खणलं, घासलं, लाल रंग लावून पांढरी पूड फवारली. तिने वाकून तपासलं. पांढऱ्यावर लालाची एकही रेघ उमटली नाही. खोट पुरती गेली होती. मग त्याने भरायला घेतलं, प्रत्येक थर घासत, थराला थर मिळवत. दोन दिवसांनी त्या जागेची नवी फिल्म आली. स्वच्छ होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठे काही नव्हतं. नवा, तरुण, नेटका हात. तिने फिल्म उजेडावर धरली आणि उगीचच बघत राहिली. मग 'मान्य' लिहिलं.

त्या संध्याकाळी सासूने तिला हाक मारली. पलंगावर शेजारी जागा करून दिली. बोलायला सुरुवात करायची तर कशी, म्हणून आधी म्हणाली, "चहा प्यालीस का?"

"प्याले."

"कापलं म्हणे ते."

"थोडंसंच, आई. बाकी सगळा जोड त्यांचाच आहे. फार सुंदर आहे. तुम्हाला दाखवायला हवा होता."

"आणि जे कापलं, त्यात काय होतं?"

आयुष्यात जोडाविषयी ती कधी खोटं बोलली नव्हती. मालकाला, गिऱ्हाइकाला, नवऱ्यालाही नाही. "वीज खालीवर झाली होती त्या वेळी," ती म्हणाली. "मशीनचा दोष. त्यांच्या हाताचा नाही."

सासूने चादरीची सुरकुती सपाट केली. खिडकीतून कुणाच्या तरी घरातला रेडिओ ऐकू येत होता. या बाईचं सगळं आयुष्य वेल्डरांच्या घरात गेलं होतं. आधी नवरा, मग दोन्ही लेक. जेवताना दुसरं बोलणं नाही, कांडी आणि थर आणि कड.

"वीज खालीवर झाली तर सगळ्यांचीच होते," सासू हळूच म्हणाली. "शेडमध्ये इतके जण होते. बाकी कुणाचं नाही का कापावं लागलं?"

फिल्मबाईने मान खाली घातली.

"अगं, बघ इकडे. किती होतं?"

"आई, जाऊ द्या ना."

"किती होतं विचारते मी."

 तिने दोन्ही तळहात चादरीवर ठेवले, एकमेकांपासून दूर. मधलं अंतर दीड वीत. सासूने ते अंतर बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश, जणू त्याच्या पावलाने चालत. तिचे डोळे दुसऱ्या हातापाशी पोचले तेव्हा तिला सगळं समजलं होतं.

"एवढा वेळ?" ती म्हणाली. "एवढा वेळ एकटाच होता?"

मग तिने सुनेची दोन्ही मनगटं धरली, आणि ते हात ओढत, ओढत एकमेकांजवळ आणले. तळहाताला तळहात चिकटला तरी दाबतच राहिली.